रोड बाईक घेताना ‘गियर किती?’ विचारू नका, मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे ते विचारा

रोड बाईक घ्यायला दुकानात गेलेला माणूस आधी रंग बघतो. मग एका हाताने सायकल उचलून वजन बघतो. डिस्क ब्रेक आहेत का, टायर किती बारीक आहेत, हे बघून होतं. आणि मग एक प्रश्न हमखास येतो, “गियर किती आहेत?” दुकानदार म्हणतो, “सोळा”, “अठरा” किंवा “बावीस”. आकडा मोठा असला की आपण खूश होतो, पैसे मोजतो आणि सायकल घरी येते.

(बाईक म्हटलं की आपल्याकडे मोटारसायकलच डोळ्यांसमोर येते. इथे रोड बाईक म्हणजे वाकड्या हँडलची, बारीक टायरची, रस्त्यावर वेगात पळवायची सायकल.)

आता गंमत बघा. पंधरा-वीस हजारांच्या साध्या २१ गियरवाल्या सायकलला बहुतेक वेळा पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकतीही २८ दात्यांची असते. तिच्या कित्येक पट किमतीच्या, शर्यतीसाठी बनवलेल्या जुन्या धाटणीच्या रोड बाईकला पुढे ३९ आणि मागे २५ असू शकतात. घाटात यातली कोणती सायकल सोपी जाईल? वजन जास्त असूनही पहिली. महागडी सायकल घेणारा माणूस घाटात उतरून सायकल ढकलतोय आणि शेजारून एखादा मुलगा जाडजूड टायरच्या सायकलवर टुकूटुकू पुढे जातोय, हे दृश्य त्यामुळेच दिसतं. त्यात त्या माणसाच्या दमाचा दोष कमी आणि दात्यांच्या गणिताचा जास्त असतो.

हे गणित सातवीच्या मुलाला येईल इतकं सोपं आहे. पण ते दुकानात फारसं कुणी सांगत नाही, आणि ते न कळल्यामुळे हौसेने घेतलेली सायकल सहा महिन्यांत बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात.

दाते मोजायचे म्हणजे काय?

पायडलजवळ दोन दातेरी चकत्या असतात, त्यांना चेनरिंग म्हणतात. मागच्या चाकावर लहानापासून मोठ्यापर्यंत आठ ते बारा चकत्यांचा एक गठ्ठा असतो, तो म्हणजे कॅसेट. चेन पुढच्या एका चकतीवर आणि मागच्या एका चकतीवर असते. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. जो आकडा येईल तितक्या वेळा तुमच्या पायडलच्या एका फेरीत मागचं चाक फिरतं.

पुढे ५०, मागे २५ असेल तर उत्तर २. पायडल एकदा फिरलं की चाक दोनदा फिरणार. रोड बाईकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर पुढे जातं, म्हणजे तुम्ही ४.२ मीटर पुढे गेलात. पुढे ३४, मागे ३४ असेल तर उत्तर १, म्हणजे एका फेरीत २.१ मीटरच. उत्तर जितकं लहान तितका गियर हलका आणि चढाला सोपा. उत्तर जितकं मोठं तितका गियर जड आणि सपाटीवर वेगवान.

सायकलच्या माहितीपत्रकावर ‘५०-३४’ आणि ‘११-२८’ असे दोन जोड आकडे असतात. पहिला जोड पुढचा, दुसरा मागचा. मागच्या जोडातला ११ हा सर्वांत लहान चकतीचा आणि २८ हा सर्वांत मोठ्या चकतीचा. तुम्हाला चढावर वाचवणारा गियर या चार आकड्यांपैकी दोघांतून बनतो, तो म्हणजे पुढचा लहान आकडा आणि मागचा मोठा आकडा. सोळा गियर की बावीस, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बावीस गियर असूनही सर्वांत हलका गियर जडच असू शकतो.

सिंहगडावर काय होतं ते आकड्यांत

पुण्याच्या सायकलवाल्यांची परीक्षा म्हणजे सिंहगड. पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता आणि त्यात साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची. सरासरी चढ सहा-सात टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सहा-सात मीटर वर गेलात. मधे काही वळणं यापेक्षा बरीच खडी आहेत.

एक माणूस धरू. वजन ७२ किलो. सायकल १० किलोची. पाण्याच्या बाटल्या, पंप, पंक्चरचं सामान मिळून ३ किलो. एकूण ८५ किलो. हा माणूस स्पर्धक नाही, पण नियमित सायकल चालवतो आणि तासभर सुमारे १५० वॉट जोर लावू शकतो. सात टक्के चढावर एवढ्या जोरात ८५ किलो ओढताना त्याचा वेग येतो ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. हा हिशेब भौतिकशास्त्राचा आहे. सायकल कितीची आहे, यावर तो फारसा बदलत नाही.

आता ताशी ८ किलोमीटरने जाताना त्याचे पाय मिनिटाला किती वेळा फिरतील?

पुढे ३९ आणि मागे २५ असतील तर फक्त ४१ वेळा. पुढे ३४, मागे २८ असतील तर ५२ वेळा. ३४ आणि ३२ असतील तर ६० वेळा. ३४ आणि ३४ असतील तर ६३-६४ वेळा.

सपाटीवर सरावलेल्या माणसाचे पाय मिनिटाला ८० ते ९० वेळा सहज फिरतात. चढावर ते कमी होणारच, पण साठच्या खाली गेले की सायकल चालवल्यासारखं वाटत नाही, जिना चढल्यासारखं वाटतं. आणि चाळीसला आले की प्रत्येक पायडल म्हणजे एका पायावर उठाबशी. जोर तोच १५० वॉट, पण ६४ ऐवजी ४१ फेऱ्यांत तो काढायचा म्हणजे प्रत्येक फेरीला दीडपटीहून जास्त दाब. तो दाब मांडीवर आणि गुडघ्यावर येतो. तासभर असं केल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते, तिला लोक ‘वय झालं’ म्हणतात. कित्येकदा वय झालेलं नसतं, कॅसेट चुकलेली असते.

आणि हे झालं सात टक्क्यांचं. जिथे चढ बारा टक्क्यांवर जातो, तिथे याच माणसाचा वेग ताशी ५ किलोमीटरवर येतो. तिथे ३४-३४ असूनही पाय मिनिटाला चाळीसदाच फिरतात. ३९-२५ असेल तर पंचवीसदा. पंचवीस म्हणजे सायकल डुगडुगायला लागते, हँडल डावीउजवीकडे जातं आणि मागून एसटी आलेली असते. तिथे पाय टेकणं हाच शहाणपणा.

मग लोक जड गियर का घेतात?

थोडा इतिहास आहे, बराचसा अहंकार आहे. टूर दि फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. गियर बदलणारं यंत्र, म्हणजे डिरेलर, तोपर्यंत अगदीच अपरिचित नव्हतं. पण शर्यतीचे संचालक आँरी देग्रांज यांना ते मान्य नव्हतं. माणसाच्या ताकदीची परीक्षा यंत्राने सोपी होऊ नये, असं त्यांचं मत. त्यामुळे त्या काळचे खेळाडू घाटाच्या पायथ्याशी सायकलवरून उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या असायच्या. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये.

यंत्राला परवानगी मिळाली, पण ‘खरा गडी जड गियर ओढतो’ ही समजूत काही गेली नाही. पुढे ५३-३९ आणि मागे ११-२३ किंवा ११-२५ हे बरीच वर्षं शर्यतीच्या सायकलचं ठरलेलं मापच होतं. हौशी माणसालाही तेच विकलं जायचं, कारण चॅम्पियन तेच वापरतात.

आज चॅम्पियनही ते वापरत नाहीत. शिमानोने २०२१ मध्ये आणलेल्या आपल्या सर्वांत वरच्या शर्यतीच्या संचात, ड्युरा-एसमध्ये, ११-३४ ची कॅसेट आहे आणि पुढे ५०-३४ चा पर्यायही आहे. जगातले सर्वोत्तम पाय डोंगरात हलका गियर लावतात, आणि आपण ऑफिसातून सुटून रविवारी सिंहगड चढणारे लोक ‘२८ पुरे की’ म्हणतो.

जड गियरच्या बाजूने एकच युक्तिवाद ऐकू येतो, उतारावर वेग मिळत नाही. तोही तपासून बघू. पुढे ५० आणि मागे ११ असताना मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग येतो ताशी ५१ किलोमीटर. पुढे ५३ असते तर साडेचोपन्न. आता खंबाटकी किंवा पसरणी घाट उतरताना ताशी ५१ किलोमीटरच्या वर पायडल मारायची वेळ तुमच्यावर किती वेळा आली आहे? त्या वेगाला आपले हात ब्रेकवर असतात आणि डोळे खड्ड्यावर.

मोठी कॅसेट घेतली तर जातं काय?

काहीतरी जातंच. ११-२८ मध्येही अकरा चकत्या आणि ११-३४ मध्येही अकराच, मग मधलं अंतर वाढणारच. अंतर वाढलं की गियर बदलताना पायांचा ठेका एकदम बदलतो, आणि गटात वेगाने जाताना ते खटकतं. जाणकार लोक म्हणूनच मोठ्या कॅसेटला नाक मुरडतात.

पण नेमकं काय जातं ते शिमानोच्या अकरा चकत्यांच्या कॅसेटवर बघा. ११-२८ मध्ये चकत्या अशा असतात: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. ११-३४ मध्ये अशा: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४.

१५ पासून २५ पर्यंत दोन्ही अगदी सारख्या आहेत! ताशी तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपण सपाटीवर जिथे असतो तिथे, पुढे ५० असेल तर चेन मागे १७-१९ वर असते. तिथे काहीच बदललं नाही. गेल्या त्या १२ आणि १४ या दोन चकत्या. १४ वर मिनिटाला ९० फेऱ्या म्हणजे ताशी ४० किलोमीटर, १२ वर ४७. या वेगाला तुम्ही रोज बराच वेळ सायकल चालवत असाल तर त्या दोन चकत्या जरूर जपा. नसाल, तर न वापरलेल्या दोन चकत्या देऊन घाटातल्या दोन चकत्या मिळाल्या. माझ्या मते हा सौदा दहापैकी नऊ जणांनी डोळे मिटून करावा.

तुमचा आकडा कसा काढायचा?

याला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. आत्ता जी गियरची सायकल असेल ती घ्या, स्वतःची नसेल तर मित्राची. तुम्हाला खरोखर चढायचा आहे तो चढ गाठा. सर्वांत हलका गियर लावा. चढाच्या मध्यावर, धाप लागली की, पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजा आणि चारने गुणा.

समजा पुढे ३४, मागे २५ आहे आणि उत्तर आलं ४६. तुम्हाला निदान ६० हवेत. मग मागच्या २५ ला ६० ने गुणा आणि ४६ ने भागा. येतात साडेबत्तीस. म्हणजे तुम्हाला मागे किमान ३२ ची, आणि मिळत असेल तर ३४ ची चकती हवी. हिशेब संपला. यात तुमचं वजन, दम, रस्ता, हवा सगळं आपोआप धरलं गेलं, कारण मोजलेले पाय तुमचेच होते.

मोजणी सकाळी ताज्या पायांनी केली असेल तर एक घर हलकं घ्या. हे विशेषतः लांब पल्ल्यावाल्यांसाठी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे राइडला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५ किलोमीटर पुरे होतो. तिथे वेगाने कुणी मागे पडत नाही, एकशेसाठाव्या किलोमीटरला घाट आला आणि पायात गोळे आले, म्हणून मागे पडतो.

कुठे राहता, त्यावर बरंच अवलंबून

मुंबईत मरिन ड्राइव्ह आणि उड्डाणपूल यांच्यापलीकडे जायचं नसेल तर ११-२८ भरपूर आहे. उड्डाणपुलाचा चढ संपेपर्यंत दम संपत नाही. विदर्भात, मराठवाड्यात लांब सपाट रस्ते आहेत, तिथे चढापेक्षा समोरचा वारा छळतो. वाऱ्यासाठी फार हलका गियर लागत नाही, पण मधल्या चकत्या जवळजवळ असल्या तर बरं वाटतं. तिथे ११-२८ किंवा ११-३० चांगली.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट लांब आहे, पण चढ बेताचा. साधारण बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. ३४-२८ वर तो चांगला जातो, ३४-३२ वर गप्पा मारत जातो.

खरा घाम फोडतो तो कोकणचा किनारा. नकाशात समुद्राकाठचा रस्ता दिसतो म्हणून लोक सपाट समजतात. प्रत्यक्षात खाडी आली की खाली, डोंगर आला की वर, पुन्हा खाडी. चढ लहान पण एकदम खडे, आणि दिवसभर संपत नाहीत. त्यात मागे दोन बॅगा लावून दापोली-गुहागर-रत्नागिरी करायचं असेल तर ३४-३४ सुद्धा जडच वाटेल. तिथे १ पेक्षा कमी उत्तर देणारा गियर हवा. ग्रॅव्हल सायकलींना पुढे ४६-३० किंवा ४८-३१ असतात, ते यासाठीच. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर आपला तोच ८५ किलोवाला माणूस सात टक्क्यांवर मिनिटाला ७२ फेऱ्या मारत जातो. आणि ४६-११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांत त्याला ताशी ४७ किलोमीटरही मिळतात. पर्यटनाला सायकल घेणाऱ्याने रोड बाईकच्या आधी अशी सायकल बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सायकल आधीच घेतली असेल तर

सगळी सायकल बदलायची गरज नाही. बहुतेक वेळा फक्त कॅसेट बदलून काम होतं, आणि पुढचा क्रँक किंवा मागचा डिरेलर बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नवी सायकल घेत असाल तर व्यवहार पक्का करायच्या आधीच ‘११-३४ लावून द्या, फरक देतो’ असं म्हणा.

फक्त एक अडचण असते. मागचा डिरेलर ठरावीक मापापर्यंतचीच चकती पेलतो. उदाहरणार्थ, शिमानो १०५ च्या अकरा चकत्यांच्या आर ७००० संचात डिरेलर दोन प्रकारचे येतात. आखूड पिंजऱ्याचा ३० पर्यंत जातो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, खाली लोंबणारा भाग तेवढा लांब-आखूड. तुमचा कोणता आहे ते विचारून मगच कॅसेट मागवा.

दुसरी मर्यादा चेनच्या ढिलेपणाची. पुढच्या दोन चकत्यांतला फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक यांची बेरीज करा. ५०-३४ चा फरक १६, ११-३४ चा २३, बेरीज ३९. डिरेलरची क्षमता निदान तेवढी हवी. वरच्या लांब पिंजऱ्याची बरोबर ३९ आहे.

वापरलेली सायकल घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. जुन्या ५३-३९ च्या क्रँकवर चेनरिंग पाच बोल्टांनी बसते आणि बऱ्याचदा त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर असतो. त्यावर ३८ पेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही. ‘नंतर ३४ लावून घेऊ’ म्हणून ती सायकल घेतली तर अख्खा क्रँक बदलावा लागतो, आणि स्वस्तात मिळालेली सायकल तितकीशी स्वस्त राहत नाही. व्यास ११० असेल तर ३४ बसते. पुढे ५२-३६ असलेली सायकलही चालेल, मागे ३४ मिळत असेल तर. ३६-३४ आणि ३४-३२ यांचं उत्तर जवळपास सारखंच येतं.

सरॅमच्या बारा गियरच्या सायकलींना पुढे ४६-३३ असे लहान आकडे दिसतात, त्याने घाबरू नका. त्यांची मागची सर्वांत लहान चकती १० ची असते, त्यामुळे ४६-१० चा वेग ५०-११ पेक्षा किंचित जास्तच भरतो. पण ती कॅसेट बसवायला मागच्या चाकाच्या हबवर वेगळा भाग लागतो. शिमानोच्या चाकावर ती तशीच चढत नाही.

कॅसेट मोठी केली की चेनची लांबीही तपासून घ्यावी लागते. मेकॅनिक घाईत असला तर हे राहून जातं. आखूड चेन असताना चुकून पुढे मोठी आणि मागेही मोठी चकती पडली, तर चेन ताणली जाते आणि डिरेलर मोडू शकतो. सायकल ताब्यात घ्यायच्या आधी ती स्टँडवर चढवायला सांगा, पायडल हाताने सावकाश फिरवा आणि चेन मोठीवरून मोठीवर नेऊन बघा. डिरेलर तिथे अगदी सरळ ताणला न जाता थोडा वाकलेला राहिला, तर चेनची लांबी बरोबर आहे.